हौसेचे प्रवाळ

हौसेला मोल नसते म्हणतात. असते, फक्त ते समुद्र भरतो! घरच्या काचेच्या हौदात 'भराभर वाढते' म्हणून मऊ प्रवाळाचे कौतुक करणाऱ्यांनी व्हेनेझुएलातील मोचिमा राष्ट्रीय उद्यानाकडे पाहावे. इंडोनेशियाकडचे युनोमिया हे प्रवाळ मत्स्यालयांच्या व्यापारातून तेथे पोचले, असे शास्त्रज्ञ मानतात. मूळच्या टणक प्रवाळांवर ते गालिच्यासारखे पसरले. खालचा जीव गुदमरला. २०२० साली ते हवाईच्या पर्ल हार्बरमध्येही आढळले. तुटक्या तुकड्यातूनही ते पुन्हा वाढते. म्हणजे निष्काळजीपणे उपटणे हीच पेरणी! 'बिचारा जीव, समुद्रात सोडला,' ही भूतदया नव्हे. वाढ आवरत नसेल, तर पाळूच नये. आपला केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटून दिवाळीची सफाई होते काय?