हिसका संप्रदाय

पुण्यात पिल्लू पाळलं की सल्ले फुकट मिळतात, आणि तेही घरपोच. दहीभात द्या, अजिबात देऊ नका, बाल्कनीत झोपवा, पलंगावर घेऊ नका. चालायचंच. माझं भांडण फक्त एका सल्ल्याशी आहे. तो मला लिफ्टमध्ये मिळाला, पेट शॉपमध्ये मिळाला, आणि महिन्याची फी घेऊन घरी येणाऱ्या एका ट्रेनरकडूनही मिळाला. तिन्ही ठिकाणी शब्द तेच. "एक हिसका द्या."

बेल्ट घालताना हात चावतंय? हिसका. दोरी तोंडात धरून ओढतंय? हिसका. चालताना पँट पकडतंय? मग दोन. "एकदा कळलं ना मालक कोण ते, की गप्प बसतं बघा." या मंडळींना मी हिसका संप्रदाय म्हणतो. यांचं एकच वाक्य आहे आणि तेच यांचं सगळं शास्त्र.

आमच्याकडे चकली नावाची सात महिन्यांची कुत्री आहे. गावठी. (आता 'इंडी' म्हणायचं असतं म्हणे. ती दोन्हीला शेपूट हलवते.) ती तोंडाळ आहे. माणूस तोंडाळ असला की तो शिव्या देतो, पिल्लू तोंडाळ असलं की ते जग तोंडाने तपासतं, एवढाच फरक. बिचाऱ्याला हात नाहीत हो! वर दातांची गडबड. दुधाचे २८ दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. म्हणजे नेमक्या ज्या वयात आपण बेल्ट आणि दोरीची सवय लावायला बसतो, त्याच वयात हिरड्या शिवशिवत असतात. अशा प्राण्याच्या डोक्यावरून अचानक एक हात येतो, मानेला काहीतरी आवळतो, आणि मग नाकासमोर एक दोरी लोंबकळायला लागते. त्याने ती धरली नाही तरच नवल. आणि धरली की आपण काय करतो? ओढतो! म्हणजे त्याच्या लेखी रस्सीखेच सुरू. खेळ आपण सुरू करायचा आणि वर त्याला उद्धट म्हणायचं.

संप्रदायाचं तत्त्वज्ञान म्हणजे 'अल्फा'. कुत्रा म्हणजे लांडगा, लांडग्यांच्या टोळीत एक अल्फा असतो, तो दादागिरीने वर येतो, सबब तुम्ही दादागिरी करा. याचा उगम बघितला तर हसावं की रडावं कळत नाही. रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर १९४७ साली निबंध लिहिला. हे लांडगे बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेले होते, आणि तिथे मारामाऱ्या होत. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या 'द वुल्फ' या पुस्तकाने ती कल्पना घराघरात पोचवली. पुढे याच मेक यांनी जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ च्या निबंधात लिहिलं, की बाबांनो, टोळी म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं, आणि ज्यांना आपण अल्फा म्हणतो ते त्या पिल्लांचे आईबाप असतात. आपलं पुस्तक छापू नका म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले होते. शेवटी २०२२ मध्ये ते छापणं थांबलं. लेखकाने स्वतः मागे घेतलेली थिअरी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मात्र अजून जोरात चालू आहे. डेप्रिकेटेड होऊन पंचवीस वर्षं झाली तरी प्रॉडक्शनमधून कोणी काढायला तयार नाही.

"पण हिसका दिला की चावायचं थांबतं ना?" थांबतं की. रिकामा कॅच ब्लॉक लिहिला की एररही दिसायची थांबते. प्रोग्राम सुधारला असं कोण म्हणेल? अंग आखडणं, मान फिरवणं, गुरगुरणं हे कुत्र्याचे लॉग आहेत. गुरगुरल्याबद्दल मार बसला की ते गुरगुरणं सोडतं, भीती सोडत नाही. मग एक दिवस 'काही कारण नसताना' चावतं.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २००९ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या कुत्र्यांच्या मालकांना त्यांनी विचारलं, की आजवर काय काय करून पाहिलंत आणि त्यावर कुत्र्याने काय केलं. मारणं किंवा लाथ घालणं हा उपाय केलेल्यांपैकी ४३ टक्के लोकांवर कुत्रा उलटला होता. तोंडातली वस्तू जबरदस्तीने काढून घेणाऱ्यांमध्ये हा आकडा ३९ टक्के होता. ही मुळातच अडचणीतली कुत्री होती, त्यामुळे हे आकडे तुमच्या गुबगुबीत लॅब्राडॉरला जसेच्या तसे लावू नका. पण तोंडातली दोरी हिसकावणं हा निरुपद्रवी प्रकार नाही, एवढं समजायला पुरेसे आहेत.

आणि यात पणाला काय लागलंय ते बघा. दिवाळीत फटाका फुटला आणि कुत्रं उधळलं, किंवा स्विगीवाल्यासाठी दार उघडलं आणि ते जिन्याकडे सुटलं, की तुमच्या हातात एकच गोष्ट असते. झेप घालून बेल्ट धरणं. त्या क्षणी ते थांबणार, पळणार की चावणार हे 'मानेकडे येणारा हात म्हणजे काय' याचं त्याने आधी पाठ केलेलं उत्तर ठरवतं. ज्याच्या मानेला शंभर हिसके बसलेत त्याचं उत्तर काय असेल? पुढे काय होतं तेही ठाऊक आहे. 'चावरं निघालं' म्हणून कुत्रं गावाकडच्या फार्महाऊसवर जातं, किंवा शेल्टरच्या दारात बांधलेलं सापडतं.

शरीराचा हिशोब वेगळाच. २००६ मध्ये २६ कुत्र्यांवर प्रयोग झाला होता. ती बेल्टला ओढत असताना त्यांच्या डोळ्यांतला दाब मोजला तर तो वाढलेला आढळला, हार्नेस घालून ओढताना तसं दिसलं नाही. म्हणून ओढाओढीच्या वयात दोरी हार्नेसला लावावी आणि बेल्ट नुसता सवयीसाठी आणि बिल्ल्यासाठी असावा. बेल्टखाली दोन बोटं जायला हवीत, आणि पिल्लू वाढत असतं तोवर हे दर आठवड्याला बघायचं. 'चावतं ना, मग लोखंडी साखळी घ्या' म्हणणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून निघा. साखळी चावून दात तुटू शकतात, आणि तिचं वजन दिवसभर मानेवर राहतं ते निराळंच.

मग करायचं काय? खरं सांगू, काम इतकं कंटाळवाणं आहे की त्यावर कोणी रील बनवणार नाही. पहिले दोन दिवस बेल्ट घालायचाच नाही. बेल्ट दिसला की उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा (शाकाहारी सोसायटीत पनीर), बेल्ट पाठीमागे लपवला की तुकडे बंद. मग हात मानेजवळ, तुकडा. मानेला स्पर्श, तुकडा. क्रम महत्त्वाचा: आधी हात, मग खाऊ. उलटं केलंत तर खाऊ दिसला की आता पकडणार, एवढंच ते शिकतं. चकलीने तोंड हाताकडे वळवलं की मी एक पायरी मागे जायचो. ओरडा नाही, 'नो नो' नाही. आपण फार पुढे पळालो होतो एवढाच त्याचा अर्थ. बक्कल लावायला पाचवा दिवस उजाडला, आणि तेव्हासुद्धा दहा सेकंदांत काढून टाकला.

दोरीचंही तसंच. घरात, आपल्या डोळ्यांसमोर, एक हलकी, टोकाला फास नसलेली दोरी हार्नेसला लावून तशीच फरफटू द्यायची. आणि खरी दोरी दिवसातून पाच-सात वेळा उचलायची, मांडीवर घेऊन मॅच बघायची, परत खुंटीला लावायची. दोरी उचलली की बाहेर जायचं, हे समीकरण तुटलं की दारातला निम्मा धिंगाणा संपतो.

रस्त्यावर दोरी धरलीच, तर हात सैल सोडून पुतळा व्हायचं. रस्सीखेचेला दोघं लागतात, एक जण खेळेनासा झाला की मजा जाते. इथे एक खाच आहे. सोडल्यावर दर वेळी खाऊ दिलात तर धर-सोड-खा असा छान लूप तयार होतो, पिल्लं काही मठ्ठ नसतात. म्हणून खाऊ धरायच्या आधीच, चांगलं चालत असतानाच द्यायचा. सुरुवातीला पाच पावलांवर, मग दहा. शिवाय ते कधी धरतं हे टिपून ठेवा. चकली दोन ठिकाणी धरते. गेटपाशी, रस्त्यावरची कुत्री भुंकतात तेव्हा, आणि परत येताना, दमल्यावर. पहिल्या वेळी तिच्या तोंडात गाठ मारलेला जुना मोजा देतो, तो मिरवत ती पुढे जाते. दुसऱ्यावर उपाय सोपा होता, फेरी दहा मिनिटांनी कमी केली. या वयाची पिल्लं दिवसाचे सोळा-अठरा तास झोपतात. आपण मात्र 'दमवलं की शांत होईल' म्हणून रात्री नऊला त्यांची मॅरेथॉन काढतो, आणि दमलेलं पिल्लू जास्तच चावतं.

"म्हणजे शिस्त नाहीच का?" अहो, आहे ना. उड्या मारल्या तर दार उघडत नाही. चारही पाय जमिनीवर आले की उघडतं. हा नियम चकलीसाठी एकदाही मोडलेला नाही. हिसक्याच्या शिस्तीत असा नियम क्वचितच सापडतो, तिथे सगळं मालकाच्या मूडवर. ऑफिसमध्ये असा मॅनेजर असला की आपण लिंक्डइन उघडतो. कुत्र्याला तीही सोय नाही.

वेळ नाही, हा शेवटचा बचाव, आणि तो आपल्याच लोकांचा आहे. नऊ पंधराला स्टँड-अप आणि पिल्लू आठ पन्नासला दोरी चावतंय, की हिसका फार पटकन सुचतो. पण वर सांगितलेलं सगळं तीन-तीन मिनिटांचं काम आहे, चहा उकळेपर्यंत एक खेप होते. हेही जमणार नसेल तर निदान ट्रेनर तरी पारखून घ्या. पैसे देण्याआधी एकच विचारा, "कुत्रं चुकलं तर तुम्ही काय करता?" आणि त्यांच्या पिशवीत काय आहे ते उघडून दाखवायला सांगा. चोक चेन निघाली तर चहा पाजा आणि लिफ्टपर्यंत सोडून या.