जिना चढताना धाप लागते?

मैत्रिणींनो, पनवेल स्टेशनचा पूल चढताना किंवा भाजीची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यावर येताना हल्ली धाप लागते का? ‘वजन वाढलंय’, ‘आता वय झालं’ असं म्हणत आपण बायका दुखणं अंगावर काढतो. पण धाप ही शरीराने दिलेली वर्दी असते, बरं का! तिचं कारण शोधायलाच हवं.

पहिला संशय घ्यावा तो रक्त कमी असण्याचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे ५४ जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून अधिक! रक्तातलं हिमोग्लोबिन अंगभर प्राणवायू पोचवतं. ते कमी पडलं की हृदयाला जास्त काम पडतं. मग दम लागतो, छाती धडधडते, थकवा येतो. पाळीत अंगावरून फार जात असेल, तर ही शक्यता अधिक. गरोदर नसताना हिमोग्लोबिन निदान १२ ग्रॅम हवं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, तर त्या लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहाबरोबर मात्र नको. चहाने लोह अंगी लागत नाही.

रक्त ठीक निघालं तर? पहाटे खोकला येतो, छातीत सूं-सूं वाजतं, धुळीने किंवा फोडणीच्या धुराने त्रास वाढतो, तर तो दमा असू शकेल. आडवं पडल्यावर जीव घुसमटतो, उशाला दोन-तीन उशा लागतात, पाय सुजतात, तर हृदय तपासायला हवं. थायरॉईडच्या विकारानेही दम लागतो. मनाच्या काळजीनेसुद्धा लागतो. पण ‘हिच्या मनाचे खेळ’ हे निदान डॉक्टरांनी सगळं तपासल्यावर करायचं, घरच्यांनी नव्हे!

आणि हे विसरू नका: एकाएकी धाप लागली, छातीत दुखू लागलं, ओठ निळे पडले, बोलताना वाक्य पुरं होईना, किंवा बाळंतपणानंतर एक पाय सुजून दम लागला, तर वाट बघू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

सासऱ्यांची साखर, मुलांची लस, सारं आपल्या ध्यानात असतं. या आठवड्यात स्वतःचं रक्तही तपासून घ्या. घ्याल ना?