आधी पाणी, मग मैदान

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी मी पुण्यातल्या आमच्या घराजवळच्या मैदानावर धावायला गेलो. वय ४७, वजन ९८ किलो. पाऊण फेरी झाली असेल-नसेल, कट्ट्यावरच्या पोरांपैकी एकजण ओरडला, ‘‘ए, भूकंप आला रे!’’ पोरं खिदळली. मीही हसलो; बोलायला श्वास उरला नव्हता. तिसऱ्या दिवशी डावा गुडघा सुजला आणि माझं धावणं तिथंच थांबलं.

पोरांना मी केव्हाच माफ केलं. राग आहे तो नंतर मिळालेल्या सल्ल्यांचा. ते दोनच प्रकारचे होते. एक, ‘‘आधी वजन कमी करा, मग धावा.’’ दुसरा, ‘‘काही होत नाही हो, धावत राहा, सवय होईल.’’ हा दुसरा सल्ला देणाऱ्यांचं स्वतःचं वजन बहुधा साठाच्या आत असतं.

पहिला सल्ला माझ्या थोरल्या बहिणीला वीस वर्षं मिळत होता. प्रत्येक तपासणीच्या चिठ्ठीत तळाशी एक ओळ असे, ‘वजन कमी करा’. कसं, ते कुणी लिहिलं नाही. चाललं की दुखायचं, दुखलं की ती बसायची, बसली की वजन वाढायचं. दोन वर्षांपूर्वी तिचे दोन्ही गुडघे बदलले. भेटायला गेलो तेव्हा वॉकर धरून उभी असलेली ताई म्हणाली, ‘‘तू माझ्या वाटेनं येऊ नकोस रे.’’ मी मैदान गाठलं ते त्या वाक्यामुळे.

आता थोडा हिशेब. चालताना पाय जमिनीवर टेकतो तो शरीराच्या वजनाहून थोड्याच अधिक जोरानं. धावताना हा जोर दोन ते तीन पट होतो. म्हणजे माझ्या बाबतीत दर पावलाला अडीचशे किलोंच्या आसपास. हे ऐकून घाबरायला होतं. पण याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. गुडघे झिजलेल्या, वजनदार, वयस्क माणसांचा एक अभ्यास अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. वजन एक किलो उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असं त्यात दिसलं. पाच किलो घटले तर दर पावलाला तांदळाचं वीस किलोंचं पोतं खाली ठेवल्यासारखंच की!

‘धावल्यानं गुडघे झिजतात’ हेही सरसकट खरं नाही. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा हौशी धावणाऱ्यांत गुडघा व खुबा झिजण्याचं प्रमाण ३.५ टक्के निघालं, बैठ्या माणसांत १०.२ टक्के. अर्थात ज्यांचे गुडघे मुळात धड, तेच धावत राहतात, हेही खरं. तेव्हा या आकड्यांवर मी फार नाचणार नाही. माझ्या वजनाला ते झेपणारही नाही.

खरी गोम निराळीच आहे. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात. हाडं आणि कंडरा यांना महिने लागतात. दम टिकायला लागला की माणूस अंतर वाढवतो, आणि नडगी, टाच, गुडघा मागे राहतात.

म्हणूनच मला भेटलेल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिले दोन महिने धावूच दिलं नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं. पाठीवर निजून सरळ पाय वीतभर उचलायचा. ओट्याला धरून टाचा वर करायच्या. (‘‘अहो, उंच झालाच आहात तर वरच्या फळीवरचा डबा काढून द्या,’’ हे रोज ऐकावं लागलं.) दिसायला हे सगळं बावळट आहे, पण धावताना बसणारा धक्का पेलायला मांडी आणि पोटरी आधी तयार लागतात. बैठका मारा म्हणणाऱ्यांना माझा नमस्कार. आजोबांना त्या शोभल्या. रोज पर्वती चढा म्हणणारेही पुष्कळ भेटतात. चढायला हरकत नाही, पण पर्वती उतरावीही लागते, आणि गुडघे आपला हिशेब उतरताना चुकता करतात.

या सगळ्यांत मला मानवलं ते पाणी. कमरेइतक्या पाण्यात माणसाचं वजन निम्म्यावर येतं, छातीइतक्या पाण्यात साधारण तिसऱ्या हिश्श्यावर. म्हणजे ९८ किलोंचा मी तिथे शाळकरी पोराएवढा. पाणी सहजी पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे घाम निघावा इतकी मेहनत होते आणि आदळणं मात्र नाही.

पण आमच्याकडे तलाव पोहणाऱ्यांचा. मी जिथे गेलो तिथे चौथ्याच दिवशी रखवालदार म्हणाला, ‘‘काका, पोहायचं नसेल तर बाहेर या. चालायला रस्ता आहे.’’ उतरायला उभी लोखंडी शिडी; तीवरून गुडघेदुखीचा माणूस उतरणार कसा? बायकांची वेळ भर दुपारची, आणि पोशाखाचा संकोच वेगळाच. धावण्याच्या स्पर्धांचे फलक शहरभर लागतात, त्याला माझी ना नाही. पण महापालिकेनं आपल्या तलावांत रोज एक तास उथळ बाजू पाण्यात चालणाऱ्यांसाठी राखली, रुंद पायऱ्या आणि कठडा बसवला, अंगभर पोशाखाला मुभा दिली, तर माझ्या मते त्या फलकांपेक्षा जास्त माणसं हलती होतील.

तिसऱ्या महिन्यात मी पुन्हा मैदानावर गेलो. रक्तदाब आणि साखर आधी तपासून घेतली होती. एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. मध्ये एक दिवस सोडून. पावलं आखूड आणि झपझप. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना दुखलं तर मागच्या आठवड्याच्या बेतावर परत यायचं; सूज आली किंवा छातीत कळ आली तर तडक डॉक्टरांकडे. दोनदा मागे आलो. वजन आता ९३ आहे. कट्ट्यावरची पोरं तीच आहेत, मात्र त्यांना माझा कंटाळा आलेला दिसतो.

तलावाच्या कार्यालयात त्या एका तासासाठी अर्ज दिला आहे. त्यावर ताईचीही सही आहे. ‘शिडी नको, पायऱ्या हव्यात’ हे तिनं शेवटी स्वतःच्या हातानं वाढवलं.