तोडलेला ऊस वाट पाहत नाही



ऊर्जा नाहीशी होत नाही, फक्त रूप बदलते, हे शाळेत पोरांना शिकवतात. आपल्याला ते फडात शिकावे लागते, आणि फी जबर पडते.

उसाचे पान उन्हातली ऊर्जा धरते, हवेतला कार्बन वायू व मुळांनी ओढलेले पाणी यांची साखर बनवते. ती कांडीत साठते. वर्षभर पाण्याच्या पाळ्या देऊन आपण ही कोठी भरतो. पण कोयता लागला म्हणजे ऊस मेला असे नाही. तो श्वास घेतच राहतो, आणि पाने गेल्यामुळे साठ्यातलीच साखर खर्चतो. शिवाय उन्हात पडलेल्या मोळीत साखर फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होते. त्यांचे दाणे पडत नाहीत, उलट चांगली साखरही मळीत जाते. “साहेब, चाखून बघा, गोडच हाय की!” असे आम्हाला ऐकवतात. गोड लागणारच, तीही साखरेचीच जात. जिभेला कळत नाही ते उताऱ्यात दिसते. दर ठरतो तो सगळ्या कारखान्याच्या उताऱ्यावर. वजनातली घट तेवढी ज्याची त्याला. पेटवून तोडलेला ऊस तर आणखी लवकर बिघडतो.

गाडी वेळेवर येत नाही ही तक्रार खरी आहे, आम्ही ती नाकारत नाही. म्हणूनच आमचे म्हणणे, जेवढ्या गाड्या तेवढीच तोड. मुकादमाच्या घाईने फड आडवा करू देऊ नका. चोवीस तासांत ऊस गव्हाणीत पडावा. राहिलाच, तर मोळ्या सावलीत रचा, पाचटाने झाका, वर पाणी मारा.