पुन्हा कॅट? ऑगस्टात ठरवा

डिसेंबरात एमबीए प्रवेशाच्या कॅट परीक्षेचा निकाल लागला की घरोघरी एकच खल सुरू होतो: पुन्हा बसायचं का? त्याच आठवड्यात क्लासवाल्यांचे फोनही येऊ लागतात. रिपीटर बॅच जानेवारीत, जुन्या विद्यार्थ्यांना फीमध्ये सवलत, जागा थोड्याच. मुलाचा चेहरा पडलेला, वडिलांचा आवाज चढलेला. अशात घरातली मोठी माणसं ‘एक वर्ष ड्रॉप घे’ म्हणून मोकळी होतात. वास्तविक पुढच्या कॅटचे अर्ज ऑगस्टमध्ये निघतात आणि परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरीस असते. घाई असेल तर ती क्लासला.

आधी स्कोअरकार्ड नीट वाचावं. बहुतेकांची नजर एकूण पर्सेंटाइलच्या खाली उतरतच नाही. 2024 ची कॅट सुमारे 2 लाख 93 हजार जणांनी दिली. म्हणजे 97 आणि 99 यांच्या दरम्यान जवळपास सहा हजार उमेदवार बसले होते! पण घोडं पेंड खातं ते बहुतेकदा विभागात. इंग्रजी, तर्क आणि गणित, प्रत्येकाला 40 मिनिटं. एकातला उरलेला वेळ दुसऱ्यात वापरता येत नाही, आणि नामांकित संस्था प्रत्येक विभागाचा कट-ऑफ वेगळा लावतात. एकूण 97, पण तर्काच्या विभागात 65 असेल, तर दुखणं कुठे आहे ते कळलं. अशाने जरूर पुन्हा बसावं. तिन्ही विभागांत 85 च्या आसपास असेल आणि मॉक परीक्षांमध्येही वर्षभर तेवढंच पडत असेल, तर ‘त्या दिवशी पेपर बिघडला’ या म्हणण्यात काही दम नाही. तयारीची पद्धत बदलणार नसेल तर निकालही फारसा बदलत नाही.

आणखी एक गोष्ट क्लासच्या जाहिरातीत दिसत नाही. अहमदाबाद, बंगळूर इथल्या आयआयएम मुलाखतीला बोलावताना कॅटबरोबर दहावी, बारावी आणि पदवीचे गुणही मोजतात. दहावीला 72 टक्के असतील तर ते पुढच्या नोव्हेंबरातही 72 च राहणार. मग पाच पर्सेंटाइल वाढवून आपण नेमक्या कोणत्या संस्थेच्या दारात पोचणार, हे त्या संस्थेचे निकष उघडून पाहायला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास फार थोडे जण देतात.

उलट कामाचा अनुभव बऱ्याच ठिकाणी गुणांत धरला जातो. म्हणून नोकरी सोडून घरी बसण्याचा ‘ड्रॉप’ मला निव्वळ खुळचटपणा वाटतो. कॅट कितीही वेळा देता येते. गुण धरले जातात त्या एकाच वर्षापुरते, त्यामुळे नव्याने बसणाऱ्याच्या वाट्याला जुन्या निकालाचा डागही येत नाही. सकाळी दोन तास, रविवारी एक मॉक, एवढं नोकरी करूनही जमतं. शिवाय मधल्या काळात जानेवारीची झॅट ही प्रवेश परीक्षा आहे, आपल्याकडची एमबीए सीईटी आहे. जमनालाल बजाज संस्थेची वाट मुख्यतः सीईटीतूनच जाते.

तेव्हा पालकांनो, जानेवारीत क्लासची पावती फाडू नका. सीईटीचा निकाल हातात येऊ द्या, दोन-चार मॉक नव्याने सोडवून पाहू द्या. कॅटचा अर्ज भरायचा की नाही ते ऑगस्टात ठरवा. आणि भरला तरी पोराला राजीनामा द्यायला लावू नका.