नकोशा पाहुण्यांचं राज्य



टोमॅटो, चॉकलेट आणि चिकू या तिघांचं एकमेकांशी नातं काय, सांगा पाहू! तिन्ही खायच्या वस्तू, एवढंच उत्तर देऊन सुटका नाही हं. ही तिन्ही नावं एकाच भाषेतून निघाली आहेत. त्या भाषेचं नाव नावात्ल. मेक्सिकोत आजही पंधरा लाखांहून अधिक लोक ती बोलतात. आपल्या डहाणू-घोलवडचा चिकूसुद्धा मूळचा तिकडचाच, बरं का!

ही भाषा बोलणाऱ्या ज्या लोकांनी एकेकाळी मोठं साम्राज्य उभारलं, त्यांना आपण अझ्टेक म्हणतो. पण ते स्वतःला 'मेशिका' म्हणवत. मेक्सिको हे नाव त्यावरूनच पडलं. आपले पूर्वज उत्तरेकडच्या 'अझ्टलान' नावाच्या ठिकाणाहून आले, असं ते सांगत. तळ्यातलं एक बेट होतं म्हणे ते! नकाशात मात्र ते शोधू नका. अझ्टलान नेमकं कुठे होतं, होतं की नव्हतं, याचा वाद अजून मिटलेला नाही.

साधारण तेराव्या शतकात हे लोक भटकत भटकत मेक्सिकोच्या खोऱ्यात उतरले. चहूबाजूंनी डोंगर आणि मधे एकमेकांना जोडलेली मोठमोठी तळी, असं ते खोरं. पण तिथे यांच्याआधीच कितीतरी लोक गावं वसवून राहिले होते. चांगली जमीन केव्हाच वाटली गेली होती. मग या उशिरा आलेल्या पाहुण्यांना कोण जागा देणार? चापुल्तेपेक नावाच्या टेकडीवर त्यांनी बस्तान बसवलं, तर शेजाऱ्यांनी एकत्र येऊन त्यांना तिथून हुसकून लावलं.

शेवटी ते कुलवाकानच्या राजाकडे गेले आणि जागा मागू लागले. राजानं दिली खरी, पण कुठली? काळ्या खडकांची, सापांनी भरलेली! साप यांचा आपोआप निकाल लावतील, असा त्याचा होरा. काही दिवसांनी राजाची माणसं पाहायला गेली, तर काय? मेशिकांनी चुली पेटवल्या होत्या आणि साप भाजून खाणं चाललं होतं!

ही कथा मेशिका मोठ्या अभिमानानं सांगत. त्यांनी कुलवाकानसाठी लढायाही केल्या. पण पुढे त्या राजाशीही भयंकर वैर झालं आणि पळ काढावा लागला. आता उरली होती फक्त तेस्कोको तळ्यातली एक दलदल. लव्हाळी, चिखल आणि डास. कुणालाच नको असलेली जागा! तिथे निवडुंगावर बसलेला गरुड दिसला आणि 'इथेच राहा' असा आपल्या देवाचा कौल मिळाला, अशी त्यांची श्रद्धा होती. साल होतं 1325. गावाचं नाव ठेवलं तेनोचतित्लान. तो निवडुंगावरचा गरुड आज मेक्सिकोच्या राष्ट्रध्वजावर आहे.

पण नुसत्या कौलानं पोट भरत नाही. घरं बांधायला दगड नाही, लाकूड नाही. मग या लोकांनी काय केलं? मासे, बेडूक, पाणपक्षी पकडून ते बाजारात न्यायचे आणि बदल्यात लाकूड-दगड आणायचे. उथळ पाण्यात खुंट ठोकून मधे गाळ आणि पाणवनस्पतींचे थर टाकायचे. कडेला विलोची झाडं लावायची, म्हणजे मुळं माती धरून ठेवतात. झालं शेत तयार! अशा शेताला 'चिनाम्पा' म्हणतात. ही पद्धत त्या खोऱ्यातली जुनीच, पण पुढे मेशिकांच्या काळात ती फार मोठ्या प्रमाणावर पसरली. मका, घेवडा, भोपळा, मिरची अशी वर्षातून अनेक पिकं निघू लागली. शोचिमिल्को इथे असे मळे आजही पाहायला मिळतात.

तरी शंभरेक वर्षं मेशिका हे मांडलिकच होते. आस्कापोत्साल्कोच्या बलाढ्य राजाला ते खंडणी भरत. ही खंडणी किती जाचक होती, याचीही एक गोष्ट आहे. एकदा राजानं हुकूम सोडला, 'पिकांनी भरलेला तराफा आणा. त्यावर अंडी उबवणारी बदकीण हवी आणि अंडी माझ्यासमोरच फुटली पाहिजेत!' गोष्टीतली अतिशयोक्ती सोडून द्या. पण त्यामागचा राग खरा होता.

तो राजा 1426 मध्ये वारला आणि त्याच्या मुलांत भांडण जुंपलं. मेशिकांचा राजा इत्स्कोआत्ल यानं संधी साधली. तेस्कोकोचा राजपुत्र नेसावालकोयोत्ल याला त्यानं सोबत घेतलं. 1428 मध्ये आस्कापोत्साल्को पडलं. मग तेनोचतित्लान, तेस्कोको आणि त्लाकोपान या तीन नगरांनी युती केली. साम्राज्याची सुरुवात ती इथून.

आणि आता नीट ऐका हं. सत्ता हाती येताच इत्स्कोआत्लनं एक विचित्र गोष्ट केली. जुन्या इतिहासाची चित्रांची पुस्तकं त्यानं जाळून टाकवली! का? मेशिकांना गरिबीचे, अपमानाचे दिवस आठवायला नको होते. आता इतिहास असा हवा होता, की आपण पहिल्यापासूनच देवाचे लाडके! म्हणजे आत्ता मी सांगितलेल्या कथाही बऱ्याचशा नंतर घडवलेल्या, हे लक्षात असू द्या.

पुस्तकं जळाली आणि खंडणी भरतानाचे दिवसही विसरले गेले. पुढच्या नव्वद वर्षांत मेशिकांनी शेकडो गावं जिंकली. कोको, कापडाच्या गाठोड्या, रंगीत पिसं अशी खंडणी तेनोचतित्लानकडे वाहू लागली. लढाईत पकडलेल्या माणसांचे बळी देवळात दिले जाऊ लागले. नगर मात्र अपूर्व होतं! दीडदोन लाख वस्ती, कालवे, गोड्या पाण्याचा नळमार्ग, आणि मुलामुलींसाठी शाळासुद्धा.

1519 मध्ये हेर्नान कोर्तेस हा स्पॅनिश सरदार आला. त्याच्याबरोबर सैनिक जेमतेम काही शेच होते. मग एवढं साम्राज्य बुडालं कसं? देवीच्या साथीनं असंख्य माणसं मेली, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे त्लास्कालासारखे दुखावलेले शेजारी. ते हजारोंच्या संख्येनं स्पॅनिशांना मिळाले. 13 ऑगस्ट 1521 रोजी तेनोचतित्लान पडलं. त्यावरच आजची मेक्सिको सिटी उभी राहिली. 1978 मध्ये तिथे विजेच्या कामासाठी खणताना कामगारांना एक प्रचंड कोरीव शिळा सापडली आणि त्यापाठोपाठ अझ्टेकांचं मुख्य देऊळ मातीतून वर आलं. पुस्तकं जळतात; दगड मात्र वाट पाहत राहतात.

मित्रांनो, ज्या लोकांनी दलदलीतून शेतं पिकवली, त्यांना लाज वाटावी असं त्या जुन्या दिवसांत काय होतं? उलट तीच तर त्यांची खरी कमाई! ते दिवस त्यांनी आठवणीत ठेवले असते, तर शेजाऱ्यांशी थोडं वेगळं वागले असते का? आईबाबांशी यावर जरूर बोला. आणि हो, या रविवारी आजी-आजोबांना विचारा, 'आपलं घराणं या गावात कुठून आलं? सुरुवातीचे दिवस कसे होते?' जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा. हलाखीचे दिवससुद्धा. तेच आधी लिहा.