वॅटचे माप खरे ठेवा

गेल्या पावसाळ्यापूर्वी कुडाळ तालुक्यातील वालावल येथे एका घरी आम्हांस बोलावणे आले. घरातला मुलगा आखातात नोकरी करून परतलेला. कर्ली खाडीच्या बाजूला नवे चिरेबंदी घर बांधले आणि बारा बाय पंधरा फुटांच्या खोलीत घरच्यांसाठी 'होम थिएटर' बसविले. खोक्यावर ठळक अक्षरांत पाच हजार वॅट छापलेले. पण पडद्यावरची माणसे काय बोलतात ते वृद्ध आईला कळेना आणि आवाज वाढवला की भांडी वाजल्यासारखा गोंगाट. मुलगा आम्हांस म्हणाला, "चाचानू, खोक्यार पाच हजार वॅट लिवलेले आसत, मगे ते गेले खंय?"

आम्ही यंत्र उलटे करून मागची पट्टी वाचली. तिच्यावर लिहिले होते : २३० व्होल्ट, ९० वॅट. म्हणजे भिंतीतून ९० वॅट घेणारे यंत्र पाच हजार वॅट देते, असे सांगून ते विकले गेले होते. ज्या दुकानातून ते घेतले त्याचे नाव आम्ही येथे देणार नाही. कारण प्रश्न एका दुकानाचा नाही, आमच्या साऱ्या व्यवसायाचा आहे. टेपरेकॉर्डरच्या जमान्यात आम्हीही 'पीएमपीओ' छापलेली खोकी काउंटरवर मांडली आणि गिऱ्हाइकाने विचारले नाही म्हणून सांगितले नाही. ती आमची चूक होती, हे प्रथम कबूल करतो.

पडद्यावर काय पाहावे हे ज्याच्या त्याच्या घरच्या कर्त्याने ठरवावे. येथे आम्ही फक्त व्यापाराबद्दल बोलत आहोत. आमचे म्हणणे एवढेच आहे की वॅट हे माप आहे. जसा शेर, जसा गज, जसा तराजू, तसाच वॅट. आणि माप खोटे ठेवण्याबद्दल आपल्या दीनने काय सांगितले आहे, ते मुस्लिम व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागू नये. कुरआनातील ८३ वी सूरह 'अल्-मुतफ्फिफीन' मापात मारणाऱ्यांच्या निषेधानेच सुरू होते. हजरत शुऐब (अलै.) यांनी आपल्या कौमला मापतोल पुरे देण्याची ताकीद दिली होती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्यास विचारले आणि फसविणारा आपल्यातला नव्हे असे बजावले. पुढे मुस्लिम शहरांतून 'मुहतसिब' हा अधिकारी बाजारात फिरून वजने-मापे तपासत असे. आज मुहतसिब नाही. खोक्यावरचा मोठा आकडा म्हणजे राशीचा वरचा कोरडा थर आणि मागची पट्टी म्हणजे आतले ओले धान्य. ती पट्टी गिऱ्हाइकाला दाखविणे हे आपलेच काम आहे.

हा हिशेब समजण्यास इंजिनियर असण्याची गरज नाही. घरातला साधा प्लग सहा अँपिअरचा असतो. सहाला २३० ने गुणा, १३८० वॅट झाले. त्या छिद्रातून याहून जास्त वीज सुरक्षितपणे घेताच येत नाही. गिझरचा सोळा अँपिअरचा प्लगही ३६८० वर संपतो. मग सहा अँपिअरच्या पिनेवर चालणारे यंत्र पाच हजार वॅट आणणार कोठून? क्षणभराचा झटका मोजला आहे, असे विक्रेता म्हणेल. पण पीएमपीओ मोजण्याची सर्वांनी मान्य केलेली पद्धतच नाही, ज्याला जो आकडा बरा वाटला तो त्याने छापला. ज्या गजाची लांबी दुकानागणिक बदलते त्याला कोणी गज म्हणत नाही.

बरे, चांगल्या कंपन्यांच्या रिसीव्हरचे आकडेही डोळे मिटून घेऊ नयेत. रिसीव्हर म्हणजे टीव्हीकडून आलेला आवाज उलगडून, त्याला बळ देऊन, प्रत्येक स्पीकरकडे वेगळा पाठविणारे यंत्र. एकाच रिसीव्हरवर दोन आकडे आढळतात. एक, १५० वॅट : ६ ओहम, एकच चॅनेल चालू, एकाच सुरावर, १० टक्के विकृती. दुसरा, ८० वॅट : ८ ओहम, दोन चॅनेल चालू, २० ते २०,००० हर्ट्झ, ०.०८ टक्के विकृती. यंत्र तेच, फक्त पहिले माप सैल हाताने घेतले आहे. गिऱ्हाइकाला दुसरा आकडा सांगावा. अमेरिकेत अशाच फुगविलेल्या आकड्यांना आळा घालण्यासाठी १९७४ मध्ये अँप्लिफायरच्या वॅटबाबत सरकारी नियम झाला आणि २०२४ मध्ये तो आणखी कडक करण्यात आला. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात हा कारवाईचा विषय आहे. पण कायद्याच्या भीतीने खरे बोलण्यापेक्षा ईमानाने खरे बोलणे बरे.

आता पहिल्यांदाच अशी खरेदी करणाऱ्याला काय सल्ला द्यावा? आमच्या मते क्रम असा असावा : आधी खोली, मग स्पीकर आणि शेवटी रिसीव्हर. बाजारात नेमका उलटा क्रम चालतो, म्हणून पैसा वाया जातो.

खोली बारा बाय पंधराची असेल आणि माणूस दहा फुटांवर बसणार असेल, तर चांगला स्पीकर एका खऱ्या वॅटमध्येच तेथे ८० डेसिबलच्या आसपास आवाज पोचवतो. घरात चित्रपट पाहण्यास तो पुरेसा मोठा असतो. धडाक्याच्या प्रसंगासाठी ६० ते ८० खरे वॅट असले की झाले. स्पीकर घेताना 'सेन्सिटिव्हिटी' जरूर विचारावी. एका वॅटमध्ये एक मीटरवर किती आवाज होतो, तो हा आकडा. वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणून ८५ डेसिबलच्या स्पीकरला ८० वॅट देऊन जेवढा आवाज होतो, तेवढा ९१ डेसिबलचा स्पीकर २० वॅटमध्ये देतो. हा एक हिशेब गिऱ्हाइकाला कागदावर मांडून दाखवा, त्याचे वॅटचे वेड तेथेच उतरेल. स्पीकरचे ओहम रिसीव्हरला मानवतात की नाही, तेही मागच्या पट्टीवर पाहून घ्यावे.

किती स्पीकर घ्यावेत? '५.१' म्हणजे समोर तीन, बाजूला किंवा किंचित मागे दोन आणि खर्जाच्या आवाजासाठी एक सबवूफर. पैसा कमी असेल तर पाच हलके स्पीकर घेण्यापेक्षा समोरचे तीन चांगले घ्यावेत आणि बाकीचे पुढच्या वर्षी जोडावेत. संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात, त्यात काटकसर नको. छतातून आवाज देणारी डॉल्बी अॅटमॉस पद्धत चित्रपटगृहांत २०१२ मध्ये आणि घरांत २०१४ मध्ये आली. ती चांगली आहे, पण कौलारू घरात पहिल्याच खरेदीत तिची गरज नाही. रिसीव्हरला 'ई-आर्क' असलेले एचडीएमआय छिद्र आणि खोलीचा आवाज मोजणारा छोटा माइक असला तर पुरे. एकूण रकमेतला निम्म्याहून जास्त वाटा स्पीकर-सबवूफरवर खर्च व्हावा, कारण रिसीव्हर आठ-दहा वर्षांत जुना होतो, चांगले स्पीकर त्याहून जास्त टिकतात.

येथून पुढचे काम दुकानदाराचे नाही, कारागिराचे आहे. आमच्या कारागीर बांधवांनी हे नीट लक्षात घ्यावे. कोकणातल्या चिऱ्याच्या भिंती गिलावा केलेल्या, खाली गुळगुळीत लादी, खोली जवळजवळ रिकामी. अशा खोलीत आवाज घुमतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. वालावलच्या घरातले अर्धे दुखणे हेच होते. मधला स्पीकर शोकेसच्या आत काचेमागे ठेवलेला होता, तो आम्ही बाहेर काढून बसलेल्या माणसाच्या कानाकडे वळविला. सबवूफर कोपऱ्यात होता, तो पुढे ओढला. जमिनीवर जाड सतरंजी आणि खिडकीला दुपदरी पडदा लावायला सांगितले. त्या संध्याकाळी आईला संवाद कळू लागले. नवा पैसा जवळजवळ लागलाच नाही. मात्र पाच हजार वॅटच्या नावाने गेलेला पैसा परत आला नाही, हेही सांगितले पाहिजे.

यात किती हातांना काम आहे ते पाहा. पिंजारी-नदाफ बांधवांचा गादीचा धंदा कारखान्यातल्या फोमने खाल्ला, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. दोन ते चार इंच जाडीचा दाबून भरलेला कापूस, भोवती लाकडी चौकट आणि वर सुती कापड, अशी फळी भिंतीला लावली तर घुमणारा आवाज ती चांगला शोषून घेते. शहरांतून अशाच फळ्या मोठे नाव देऊन विकल्या जातात. आपला पिंजारी आणि आपला सुतार मिळून त्या येथेच करू शकतात. मात्र दमट हवेत कापूस ओल धरतो, म्हणून फळी काढून उन्हात घालता येईल अशी खुंटीवर टांगावी.

सुतारानेही हवामान ओळखून काम करावे. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. साध्या एमडीएफची पेटी तळाशी पाणी पिऊन फुगते, तेथे चांगला प्लाय वापरावा आणि कडा बंद कराव्यात. स्पीकरच्या पडद्याची कड फोमची असेल तर दमट हवेत ती काही वर्षांत चुरा होते, रबराची टिकते. रिसीव्हर तापतो, म्हणून त्याला बंद कपाटात कोंडू नये, वर चार-सहा इंच मोकळे ठेवावे.

वायरमन बांधवांसाठी दोन गोष्टी. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार तांबे म्हणून विकणे हीसुद्धा मापातली चोरीच आहे. खऱ्या तांब्याची दीड चौरस मिलिमीटरची तार घरगुती अंतराला पुरते. दुसरे, मेच्या अखेरीस आणि ऑक्टोबरात विजा पडतात तेव्हा नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग आणि डिशची तार दोन्ही काढून ठेवावी आणि मुळात घराचे अर्थिंग तपासून घ्यावे.

शेजाऱ्याचा हक्कही विसरू नये. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. कौलारू घरातून खर्जाचा आवाज सहज बाहेर जातो. यंत्र बसवून देताना हे सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे.

यावर आमचे काही व्यापारी मित्र म्हणतील, "आम्ही ८० वॅट सांगितले तर गिऱ्हाईक पाच हजार सांगणाऱ्याकडे जाईल." काही जातील, हे खरे आहे. ते नुकसान लहान दुकानाला सोसत नाही, हेही आम्ही जाणतो. पण खोट्या आकड्याच्या शर्यतीत आपण तरी कोठवर टिकणार? ऑनलाइन विक्रेता उद्या दहा हजार वॅट छापील आणि तेही आपल्यापेक्षा स्वस्त देईल. तो जे देऊ शकत नाही ते आपल्याजवळ आहे : खोली पाहणे, स्पीकर जागेवर बसविणे, आवाज ऐकवून पैसे घेणे, पक्के बिल देणे आणि बिघडल्यास दारात उभे राहणे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. पाहुण्यांसाठी खोल्या काढणाऱ्या घरांतून अशा कामांची विचारणा होते. ती कामे कोणाकडे जातील? ज्याचा शब्द खरा, त्याच्याकडे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक दुकानाने यंत्राच्या मागच्या पट्टीवरचा आकडा आपल्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहून त्या यंत्रासमोर लावावा. बिलावरही खरे वॅट आणि किती ओहमवर मोजले ते लिहावे. गिऱ्हाइकाने न विचारता उणीव सांगावी. विकणारा आणि घेणारा दोघांनी खरे सांगितले आणि दोष उघड केले तर त्यांच्या सौद्यात बरकत होते, अशी आपल्या प्रेषितांची (स.) शिकवण आहे. वालावलच्या त्या मुलाने पुढच्या वर्षी रिसीव्हर घ्यायचे ठरविले आहे. तो कोणत्या दुकानाची पायरी चढेल, हे आपल्या मापावर अवलंबून आहे.